मिठूचं झबलं

मी आजवर जे काही शिवलं, त्यात सगळ्यात जास्त वेळा उसवलेला कपडा वीतभरही नव्हता. तो पोपटासाठी होता. नऊ वेळा उसवून शेवटी जमला, आणि जमला तेव्हा मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग अजून जात नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

तेव्हा आम्ही सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. हे प्लांटमध्ये, म्हणजे कारखान्यात, क्रेनच्या मेंटेनन्सला होते, म्हणजे उंचावर चढून करायचं काम. एकदा कॅम्प एकच्या बाजारातून यांनी पोपटाचं पिल्लू आणलं. अंगावर धड पिसंही नव्हती. भिजवलेली चण्याची डाळ वाटून, बोटाने भरवून मी त्याला वाढवलं. गल्लीतले सगळे पोपट मिठू होते, तसा आमचाही मिठू झाला.

दोन वर्षं बरा होता. मग छातीची पिसं उपटायला लागला. सकाळी पिंजरा झाडायला गेलं की खाली हिरवा चुरा पडलेला, आणि त्याच्या छातीवर रुपयाएवढी उघडी गुलाबी कातडी. समोरच्या क्वार्टरमधली बाई जवळच्याच उतई गावाकडची होती. ती म्हणाली, "धूप दिखाओ दीदी. अंदर बैठे-बैठे पगला गया है." मी पिंजरा मागच्या आंगणात पेरूच्या झाडाखाली ठेवू लागले. त्याने तो आणखीच चिडला. झाड हातभर अंतरावर, आणि मधे तारा. संध्याकाळी रानपोपटांचा थवा ओरडत वरून गेला की हा गजांवर डोकं आपटायचा.

हे म्हणाले, "पर कापून टाक ना त्याचे. मंग बसवून दे झाडावर. आमच्या घरी सारे पोपट असेच राहत होते."

आमच्या माहेरीही असेच राहत होते. पर कापलेला पोपट ओट्यावरून खाली पडला की त्याला वर चढता येत नाही. मांजर येते तेव्हाही येत नाही. ते मी लहानपणी पाहिलं होतं. पण यांना सांगितलं नाही. मी एवढंच म्हणाले, "पाहू."

"पाहू पाहू नको करू. दिवाळीले आई येऊन राहिली. तवापर्यंत तुझं काही जमते त पाय. नाही त आई दोन मिनिटात कापून देते."

पोळा नुकताच झाला होता. म्हणजे माझ्या हातात दोन महिने होते.

आधी मी सगळे करतात तेच केलं, पायाला दोरी बांधली. तो पेरूकडे झेपावला, दोरी संपली, आणि एका पायावर उलटा लटकून ओरडू लागला. चार दिवस तो पाय टेकवत नव्हता. मला स्वतःचा इतका राग आला की त्या दिवशी मी जेवले नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मग यांनी मनावर घेतलं. यांचं मन लागलं की ते साहेबासारखं बोलतात. "आमाले वर चढवते तवा कमरेले सेफ्टी बेल्ट असते. मांगं हूक, हुकाले दोर. तसाच शिव. सोपं हाय."

मी जाड नाडीचा बेल्ट शिवला, मागे कडी लावली. यांनी मिठूला धरलं, बेल्टच्या आत करंगळी घालून पाहिली आणि मान हलवली.

"ढिला हाय. बेल्ट ढिला म्हणजे माणूस गेला. आवळ."

मी आवळला.

"अजून."

मी अजून आवळला. मिठूने चोच उघडली. ओरडला नाही, नुसती उघडी ठेवली, आणि त्याची शेपटी वर-खाली, वर-खाली व्हायला लागली.

"नाटक करून राहिला तो," हे म्हणाले.

मी ब्लेडने बेल्ट कापला तेव्हा माझं बोटही कापलं. नंतर त्याला तळहातावर धरून बसले आणि मला कळलं, पाखराची सगळी छाती श्वासाबरोबर आत-बाहेर होते. माणूस कमरेवर लटकतो, पाखराला कमरच नाही. प्लांटमधल्या एवढ्या शिकलेल्या लोकांच्या बेल्टवर माझा इतका विश्वास, की हातातला जीव दिसत असूनही मी आवळत गेले होते. यांना हे सांगावं म्हणून वळले, तर हे हात धुऊन सायकल काढत होते.

त्यानंतर मी कोणाला विचारलं नाही. मुलीचं तान्हेपणाचं झबलं ट्रंकेत होतं, धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं. माझं चौथीपर्यंतचं शिक्षण मापं टाकायला पुरे. कागद कापून मिठूच्या अंगावर धरायचा, तो कागद फाडायचा, पुन्हा कापायचा. मानेला सैल, छातीला सैल, पंखांसाठी दोन मोठी भोकं, आणि शेपटीकडून मोकळं. दुपारी मुलगी शाळेत आणि हे ड्यूटीवर असताना मी मागच्या दाराला कडी लावून बसत असे. कोणी पाहावं असं मला वाटत नव्हतं. पोपटाला कपडे शिवते म्हटल्यावर गल्ली हसली असती.

पहिल्या झबल्याला बंद लावले. एक पान लावून होईपर्यंत त्याने दोन्ही बंद कुरतडले. बटण लावलं, तर बटणाचे दोन तुकडे. मग ध्यानात आलं की मानेच्या मागे, अगदी मधे, एवढी एकच जागा अशी आहे जिथे त्याची चोच पोचत नाही. तिथे टिचबटण लावलं. दोर परकराच्या नाडीचा केला. तोही कुरतडला. म्हणून यांचा एक फाटका चामड्याचा हातमोजा, प्लांटमधला, कापून त्याची पट्टी दोराच्या पहिल्या वीतभरावर गुंडाळून शिवली. हिसका बसू नये म्हणून मधे चड्डीचं इलास्टिक घातलं. एवढं सगळं करून घातलं, तर मिठू आडवा पडला. डोळे उघडे, पाय वर, मेल्यासारखा. काढलं की उठून दाणे खायचा. पुन्हा घातलं, पुन्हा आडवा. मी त्याला शिव्या दिल्या. मी कधी कोणाला शिवी दिली नव्हती. पहिल्या शिव्या पोपटाला दिल्या, त्याही कुजबुजत.

शेवटी घालायचंच सोडलं. झबलं चार दिवस पिंजऱ्यात नुसतं टांगून ठेवलं. मग गळ्याच्या भोकातून पलीकडे हिरवी मिरची धरायची. डोकं घालशील तर मिळेल. पहिल्या दिवशी त्याने मिरचीऐवजी माझा अंगठा घेतला. तो वण अजून आहे. आठव्या दिवशी डोकं घातलं. मग एक पंख, मग दुसरा. दर वेळी कुठे तरी काचायचं, मी उसवायचे. दिवाळीच्या तीन दिवस आधी तो झबलं घालून माझ्या हातावर सरळ बसला आणि मिरची खात राहिला.

मी मागचं दार उघडलं. दोराचे मनगटाला दोन वेढे घेतले आणि त्याला पेरूच्या खालच्या फांदीवर ठेवलं. तो तिथे कसा चालला, ते मला लिहिता येत नाही. साल सोलली, पान तोडून टाकलं, एका कच्च्या पेरूला चावा घेतला आणि तोही टाकला. मग प्लांटचा दोनचा भोंगा झाला. तो दचकून सरळ वर उडाला. दोर ताणला, इलास्टिकने त्याला अलगद थांबवलं, आणि तो गोल फिरून माझ्या पदरावर येऊन बसला. पाय नीट, पंख नीट, झबलं जागच्या जागी. मी तिथेच चिखलात बसले.

संध्याकाळी हे सासूबाईंना स्टेशनवरून घेऊन आले. सोबत धानाच्या लाह्या, पोह्यांचं पोतं, घरभर बोलणं. मी दोनदा सांगायला तोंड उघडलं. एकदा कढईतलं तेल तापलं होतं आणि हे गावच्या बंधाऱ्याच्या गोष्टी विचारत होते. दुसऱ्यांदा सासूबाईच म्हणाल्या, "पोपटाचं काय होऊन राहिलं म्हणे वं? आंग खाऊन राहिला?" आणि मी म्हणाले, "हो." एवढंच. जमलं आहे, हे पुढे म्हणायचं होतं. मी करंज्या उलटत राहिले. उद्या सांगू, म्हटलं. झबलं शिलाई मशीनच्या झाकणाखाली घडी करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फराळाची ताटं घेऊन मी गल्लीत निघाले. मला त्या कामाला फार वेळ लागतो. दुसऱ्या बाया दारातून आवाज देतात, मी कोणी बाहेर येईपर्यंत उभी राहते. सहा घरं झाली आणि परत आले, तर मागच्या आंगणात सासूबाई पाटावर बसलेल्या. समोर वर्तमानपत्र, त्यावर लांब हिरवी पिसं, आणि माझी मशीनची कात्री.

"घे वं," त्या म्हणाल्या, "तुह्या जिवाचा घोर गेला. आता मोकळा सोड त्याले."

त्यांचा चेहरा खुललेला होता. सून दोन महिने पोपटापायी हैराण आहे, हे मुलाने सांगितलं होतं. त्यांनी माझं काम करून दिलं होतं. मिठू त्यांच्या खांद्यावर बसून केस ओढत होता. त्याला अजून कळलं नव्हतं.

मी म्हणाले, "बरं केलं."

हे शब्द माझ्याच तोंडून आले. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

दोन दिवसांनी मिठू पेरूवरून उडायला गेला आणि नळाच्या दगडावर छातीवर आपटला. जिथे पिसं यायला लागली होती, तिथेच फुटलं. मी हळद लावत होते. हे मशीनचं तेल शोधत होते, त्यांच्या हाती झबलं लागलं.

"हे काय वं? बाहुलीचं?"

मी सांगितलं. यांनी टिचबटण उघडून-लावून पाहिलं, इलास्टिक ताणून पाहिलं. उंचावर काम करणारा माणूस दोर पाहतो, तसं पाहिलं.

"जमलं होतं?"

"भोंगा झाला तवा उडाला. काही नाही झालं त्याले."

"मंग सांगतलं कावून नाही?"

मी हळद लावत राहिले. हे चिडले असते तर बरं झालं असतं. झबलं मशीनवर ठेवून निघून गेले.

ते वर्ष मी पेरूखाली राखण करण्यात काढलं. मोकळा सोडायचा म्हणून पर कापले, आणि मीच दुपारभर काठी घेऊन मांजर हाकलत बसायचे. चरफडत भाजी निवडायची, चरफडत कपडे वाळत घालायचे. पावसाळ्यात त्याची जुनी पिसं गळली, नवी लांब पिसं आली. झबलं बाहेर काढून घातलं तर छातीला घट्ट. बसून खाऊन मिठू जाड झाला होता. बाजूला पट्टी जोडली, पुन्हा मिरची, पुन्हा अंगठा.

दिवाळीला सासूबाई आल्या. दुसऱ्याच दिवशी त्या मिठूकडे पाहून म्हणाल्या, "पर वाढले वं याचे. कात्री कुठी हाय?"

मी मिठूला झबलं घातलं आणि मागच्या नाही, पुढच्या दाराने बाहेर गेले. दोन वाजून गेले होते. पहिली पाळी सुटली की आमचा रस्ता सायकलींनी भरून जातो. त्या वेळी मी कधी फाटकात उभी राहत नसे. त्या दिवशी राहिले. मिठू हातावर, दोर मनगटाला. कान इतके तापले होते की घंट्याही धड ऐकू येत नव्हत्या.

एकाने सायकल हळू केली. "भाभी, मिट्ठू को स्वेटर पहना दिया क्या?" मागचे दोघे हसले.

"सेफ्टी बेल्ट है," मी म्हणाले. आवाज फाटला. मग पुन्हा म्हणाले, मोठ्याने, "उसका सेफ्टी बेल्ट है. पंख नहीं काटना है उसके."

समोरची बाई दारात आली. हेही पोचले, सायकलवरून उतरून उभे राहिले. मागे वळून पाहिलं, तर सासूबाई पायरीवर उभ्या होत्या.

"हे मागच्या साली होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"मंग बोलली कावून नाही वं? मी काय खाल्लं असतं तुले?"

त्या खाली आल्या, मिठूचा पंख दोन बोटांनी उचलून झबल्याच्या आत पाहिलं. "काखेत शिवण टोचत असन त्याले. उलटून शिव."

खरंच टोचत होती. मला त्याचाही राग आला. घरात येऊन मी झबलं उतरवलं, आणि ते दहाव्यांदा उसवायला आम्ही दोघी दारात बसलो.

"कात्री दे," त्या म्हणाल्या.

मी त्यांना ब्लेड दिलं.