शोधात उरलेलं एकच पान

चिखलीत स्प्रिंगांचं वर्कशॉप चालवणारे एक चाचा रोज सकाळी माझ्या दुकानात येत. त्यांची वेबसाइट मीच केली होती. चाळीस पानं, प्रत्येक स्प्रिंगचं वेगळं. फडक्याला हात पुसून ते हळूच विचारत, "भाऊ, आज सर्चमध्ये किती पानं दिसतात?"

आधी चौदा दिसत, पुढे सहाच. मी कारणं सांगत बसायचो. "बरं, उद्या बघू," म्हणून ते उठायचे.

काल एकच पान दिसलं, वर्कशॉपच्या पत्त्याचं. त्यांनी स्क्रीनवर त्या पानावर बोट ठेवलं.

"हेबी काढून टाका."

"का, चाचा?"

"मशिनी विकल्या परवा. पत्ता बघून कुणी आलंच, तर त्याला काय दाखवू?"

मी पान काढलं. सर्चमधून ते जायला आणखी काही दिवस लागतील, हे सांगायला माझी जीभ रेटेना.