सोळा बिटवाली माया

विठ्ठलवाडीच्या मायाला फोटो स्टुडिओवाले ‘सोळा बिटवाली’ म्हणतात, आणि ते काही कौतुकानं नाही. लग्नाचे फोटो घरी बसून एडिट करून द्यायचे, हा तिचा धंदा. बाकीचे सगळे आठ बिटमध्ये कामं उरकतात; ही बाई मात्र सोळावर अडून बसते. फाइल दुप्पट जड होते, कॉम्प्युटर रखडतो, आणि माया तोवर भाजी निवडून घेते.

“प्रिंटला शेवटी आठच बिट लागतं ना?” ठाण्याचा मयूर दर वेळी विचारतो. तिचं निम्मं काम त्याच्याच स्टुडिओतून येतं.

“जेवतोस ताटात, म्हणून कणीकही ताटातच मळतोस का रे?”

तिचं म्हणणं खोटं नाही. आठ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दोनशे छप्पन्न पायऱ्या, सोळात हजारो. उजेडातल्या गोऱ्या नवरीला आठही पुरतात. सावलीतल्या सावळ्या माणसाच्या वाट्याला मात्र तळाच्या मोजक्याच पायऱ्या येतात. त्याला उजळायला जावं तर चेहऱ्यावर चकत्या उमटतात, आणि त्या झाकायला मग जो तो पावडर थापल्यासारखा चेहरा गुळगुळीत करून टाकतो. मायाला याची भयंकर चीड. ती स्वतः सावळी आहे.

मार्चमध्ये मयूरनं एक फोटो पाठवला. घोडबंदर रोडजवळच्या गावातली ठमाबाई, उमेदीची वर्षं मिठागरात राबलेली, नुकतीच वारली होती. तिचा धड म्हणावा असा एकच फोटो होता, पुतण्याच्या हळदीतला. त्यातही ती मांडवाच्या कडेला, अंधारात बसलेली.

“उजळ कर, जरा गोरी पण कर,” मयूरनं फोनवर सांगितलं. “भिंतीवर लावायचाय. नातवंडं बोललीत.”

“कॅमेऱ्यातली मूळ फाइल दे.”

“अगं, जेपेग पाठवलाय ना!”

“तो आठ बिटचा आहे. त्यातून जे गेलं ते गेलं, परत येत नाही. मूळ दे, नाहीतर दुसरीकडे जा.”

मयूर चरफडत फाइल देऊन गेला. माया त्या अंधारात हळूहळू उजेड सोडत गेली. आधी नाक आलं, मग गालांवरच्या सुरकुत्या, आणि शेवटी हनवटीवर गोंदणाचे तीन हिरवट ठिपके. जेपेगमध्ये त्यांचा पत्ताच नव्हता. मायाला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली. कातडीचा रंग तिनं होता तसाच ठेवला.

“हे चालणार नाय,” मयूर म्हणाला. “काळीच दिसतेय.”

“काळीच होती. तिच्या नवऱ्याला घेऊन ये. तो नाही म्हणाला तर करते गोरी.”

बोलून बसली खरी, पण मग तिलाच शंका आली. म्हातारा खरंच नाही म्हणाला तर? दिलेला शब्द फिरवायची तिला सवय नव्हती.

रविवारी मयूर ठमाबाईच्या नवऱ्याला, राघोबाबांना, घेऊन आला. म्हातारा खुर्चीत टेकला आणि स्क्रीनकडे बघत राहिला. मयूर काही बोलणार तोच त्यानं हात वर केला. मग पुढे वाकून त्या तीन ठिपक्यांवर अंगठा ठेवला.

“माजी ठमीच हाय,” तो म्हणाला. “हिला आता हात लावू नको गो.”

मायाचा जीव भांड्यात पडला. ती चहा ठेवायला उठली. म्हाताऱ्याची नजर भिंतीवर गेली. तिथे हार घातलेला एक फोटो होता, गुळगुळीत, गुलाबी गोरा.

“ही कोन?”

“माझी आई. रंभा.”

“अशी गोरी व्हती?”

“नाही,” माया म्हणाली.

“मंग कशी व्हती?”

माया पातेलं हातात धरून उभी राहिली. आई गेली तेव्हा ती सातवीत होती. स्टुडिओवाल्यानं आईला गोरं करून दिलं, आणि मूळ फोटो त्याच्याकडेच गहाळ झाला. तिनं डोळे मिटून आठवून पाहिलं. समोर आला तो भिंतीवरचाच चेहरा.