खालनं तिसरा आण्णा

आमच्या ऑफिसात कुणाचा कॉम्प्युटर अडला की मला हाक मारतात. कराडच्या एका कॉलेजात मी क्लार्क आहे, पण प्रिंटर हलत नाही, मेल उघडत नाही, सगळ्यांची दुखणी माझ्याकडंच येतात. त्यामुळं डोक्यात जरा हवा गेली होती, खोटं कशाला बोलू.

एका रविवारी मी आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन हातात घेतला. आप्पा फौजेतनं हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता पंचाहत्तरी ओलांडलेली. फोन दोनदा एसटीत विसरले होते. म्हटलं, यांचे नंबर एकदाचे ऑनलाइन चढवू आणि घरच्या कॉम्प्युटरला जोडून टाकू. डॉक्टरांच्या तारखाही माझ्या कॅलेंडरात दिसतील. तारखा झकास बसल्या. नंबर उतरले तसं कॉम्प्युटरनं विचारलं, एकाच नावाच्या बऱ्याच नोंदी आहेत, एकत्र करू का? बघितलं तर आण्णा सात, आबा नऊ, तात्या पाच. मला हसूच आलं. म्हाताऱ्यानं एकेक माणूस सात-सातदा साठवलाय असं समजून मी 'हो' दाबलं. मग फोन फार रेंगाळतो म्हणून तो पुसून कोरा केला आणि ऑनलाइनची यादी त्यात परत उतरवली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

मी याच मातीतली बाई. वडीलधाऱ्याला नावानं हाक मारायची नाही हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? आप्पांना तर फोनमध्येसुद्धा मोठ्या माणसाचं नुसतं नाव लिहिणं उद्धटपणाचं वाटायचं. खताच्या दुकानाचे आण्णा, ट्रॅक्टरवाले आण्णा, आत्याचे दीर आण्णा, सगळे नुसते आण्णा. ओळखायचे ते रांगेतल्या जागेवरनं.

त्यात खालनं तिसरा आण्णा म्हणजे त्यांचा फौजेतला दोस्त. जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्याचं गाव. बायको गेली, पाठोपाठ दोन्ही डोळे गेले. तेव्हापासनं आप्पा रोज सकाळी सहाला त्याला फोन लावायचे आणि विचारायचे, "हाय का?" पलीकडनं उत्तर यायचं, "हाजर." की ठेवला फोन. ही त्यांची हजेरी. मी हे रोज चहा गाळताना ऐकत होते आणि मनात म्हणत होते, काय पोरखेळ आहे.

सोमवारी सहाला खताच्या दुकानदारानं फोन उचलला. आता एकच आण्णा उरला होता, त्याच्या पोटात सात नंबर, तेही उलटसुलट. आप्पा फोन घेऊन माझ्याकडं आले. मला ऑफिसची घाई. म्हटलं, संध्याकाळी बघते. संध्याकाळी पाहुणे आले. मंगळवारी ऑफिसात तपासणी लागली. आप्पा फोन खिशात न ठेवता हातात धरून हिंडत होते.

बुधवारी बसले एकदाची. केलेलं उलटं फिरवायची सोय त्या प्रोग्रॅममध्ये नव्हती, असली तर मला सापडली नाही. फोनवर तेच, ऑनलाइन तेच, कॉम्प्युटरवर तेच. जोडणं म्हणजे काय, तर एक चूक तीन ठिकाणी झाली होती. आधी लावलेल्या कॉलची यादी तर फोन कोरा करताना मी स्वतःच्या हातानं पुसलेली. आप्पांना दोस्ताचा फौजेतला नंबर पन्नास वर्षांनंतरही घडाघडा पाठ, पण मोबाईलचा एक आकडा आठवेना. मग सातही लावले. चार ओळखीचे निघाले. एका ठिकाणी नातवानं सांगितलं, आण्णा जाऊन दोन वर्षं झाली. उरलेले दोन बंद. त्यातला आपला कुठला, देव जाणे. आप्पांचे बाकीचे फौजी दोस्तही असेच आबांत आणि तात्यांत मिसळून गेलेले, आणि जे लागले त्यांना या जतच्या दोस्ताचा नंबर ठाऊक नव्हता.

गुरुवारीही दोन्ही बंद. आप्पांनी अर्धीच भाकरी खाल्ली आणि ताट सरकवलं. म्हणाले, "त्यो वाट बघत आसंल गं." चिडले असते तर बरं झालं असतं. मला रडू आलं आणि रागही आला, पण राग कुणावर काढणार?

गावाचं नाव तेवढं आप्पांना ठाऊक होतं, म्हणून शुक्रवारी रजा टाकली आणि गाडी काढली. सांगली, मिरज मागं पडलं. मी मनातल्या मनात नको ते सगळं बघून घेतलं. गावात विचारत विचारत घर सापडलं. घराच्या पुढच्या सोप्यात बाजेवर एक वाळलेला म्हातारा ताठ बसला होता, दोन्ही हातांत बटणांचा फोन धरून.

त्यांची सून बाहेर आली. आम्ही कोण ते सांगितल्यावर ती दारातच कपाळाला हात लावून बसली. सोमवारपासनं यांनी फोन हातातनं सोडला नाही, म्हणाली. मंगळवारी चार्जिंग संपलं. प्लग आत चुलीपाशी, तिथं लावते म्हटलं तर देईनात. तेवढ्यात वाजला तर, म्हणायचे. आवं, त्यो बंद पडलाय, असं किती सांगितलं, पटेना. सोमवारी, फोन चालू होता तवा, मी लावून देते म्हटलं, तर त्यावरही नाही. हजेरी वरच्या हुद्द्याचा माणूस घेतो, आपण द्यायची असते; आपण होऊन विचारायचं नसतं, हे त्यांचं उत्तर.

म्हणजे बुधवारी मी लावला तेव्हा फोन बंद होता तो एवढ्यासाठी. सोमवारी सकाळी पाच मिनिटं थांबून सातही नंबर लावले असते तर तो वाजला असता.

आप्पा उंबऱ्यापाशीच उभे राहिले. गळा खाकरून म्हणाले, "हाय का?"

म्हाताऱ्यानं आधी फोन कानाला लावला. मग आवाज समोरनं आला हे कळलं तसा फोन खाली घेतला. "मी हाजरच हाय, सोमवारधरनं," ते म्हणाले. "तुमी कुटं व्हता?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही, माझं नावही घेतलं नाही. जाऊन त्यांच्या शेजारी बाजेवर बसले आणि म्हणाले, चुकलो.

मी हात पुढं केला तेव्हा म्हाताऱ्यानं निमूट फोन दिला. आत जाऊन चुलीपाशी तो चार्जिंगला लावला. तेवढंच मला येत होतं.