मूळ सदस्यासह

आमच्या ह्यांचा धंदा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा आणि वेड ड्रम वाजवायचं. लग्न ठरताना मला फक्त धंदा सांगितला होता. वेड नंतर घरात आलं आणि माझ्या कपाटाची जागा अडवून बसलं.

बँडमध्ये पाच जण होते, त्यातले आता हेच उरलेत. गायक गेला. बासवाला अंथरुणाला खिळला, गिटारवाला लेकीकडे राहायला गेला तो गेलाच, आणि किबोर्डवाल्याला ऐकू येईना. मग त्याच्या पुतण्याने बँडचं नाव उचललं. आयत्या बिळावर नागोबा! नवी पोरं गोळा केली, जुन्या गाण्यांचे कार्यक्रम लावले आणि पोस्टरवर छापलं, 'मूळ सदस्यासह'. तो मूळ सदस्य म्हणजे आमचे हे. फोटोही ह्यांचाच, पण केस काळे होते तेव्हाचा.

लोक मला विचारतात, "आता ऐकण्यासारखं काही राहिलंय का हो त्यात?" मी म्हणायचे, जा की, एक माणूस तरी खरा आहे.

पण भांडण त्या खऱ्या माणसावरूनच सुरू झालं. गायकाला दमा होता. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं, त्यातली दुसरी ओळ त्याला लगेच उचलता यायची नाही. म्हणून हे हातातली काडी वर धरून थांबायचे. तो श्वास घ्यायचा, ओळीत शिरायचा, मग ह्यांचा ठोका. लोकांना वाटायचं, वा, काय जागा घेतली! जागा कसली डोंबलाची, त्या बिचाऱ्याचा जीव वर यायचा. पण रेकॉर्डवर ते तसंच गेलं आणि गाण्याला तोच थांबा चिकटला.

नवा गायक तरणाबांड. त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी, तो थांबतोय कशाला! तो सरळ ओळ उचलायचा, आणि हे आपले काडी वर धरून बसलेले. दर तालमीला गाणं कोसळायचं. पोरं एकमेकांकडे बघून हसायची.

"काका, कुणासाठी थांबता? ते नाहीयेत आता," पुतण्या म्हणाला.

"त्याच्यासाठी नाही, गाण्यासाठी थांबतो," हे म्हणाले.

घरी मीही समजावलं. "अहो, जमवून घ्या. नाहीतर घरी बसवतील." तर माझ्याशी दोन दिवस अबोला. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही! पण खरं सांगते, घरी बसवलं असतं तर हा माणूस खचला असता. दुकानात हल्ली यंत्रं येत नाहीत. दुपारभर काउंटरवर बोटं वाजवत बसतात, तेवढाच त्यांचा जीव.

मग एकदम सगळं गोड झालं. पुतण्या पेढ्यासारखं हसत घरी आला. "काका, तुमच्याशिवाय बँड नाही. तुम्ही वाजवा तुमच्यासारखं." वर नवे इलेक्ट्रिक ड्रम आणले. रबराच्या चकत्या, त्यावर मारलं की आवाज वायरीतून जातो, वाजवणाऱ्याला तो हेडफोनमध्ये ऐकू येतो. खांदे दुखणार नाहीत म्हणाला. हे हरखले. मलाही वाटलं, चला, पोराला अक्कल आली.

परवा दुपारी कार्यक्रम झाला. हॉल भरला होता. मी तिसऱ्या रांगेत. ते गाणं आलं, पहिली ओळ झाली, ह्यांनी काडी वर उचलली आणि थांबले.

आणि ठोका वाजला.

काडी हवेत, आणि ठोका वाजला! पुढचाही वाजला. गायक बरोब्बर ओळीत शिरला. मग ह्यांची काडी खाली आली, तिचा आवाज कुठेच नाही. मेल्यांनो! शेजारची बाई नवऱ्याला सांगत होती, "बघ, मूळचा ड्रमवाला. काय हात आहे अजून!"

मी उठून मागे साउंडवाल्याकडे गेले. "ह्यांचा आवाज कुठाय?"

त्याने वर पाहिलं नाही. "काकू, त्यांना कानात फक्त त्यांचाच येतो, बाहेरचं काही नाही. हॉलला मशीनमध्ये आधीच भरलेला सोडलाय. सर म्हणाले, माणूस स्टेजवर दिसायला हवा."

दिसायला! दुकानाच्या काचेतले पुतळे असतात ना, कपडे घालून उभे केलेले, तसा माझा नवरा बसवला होता तिथे. एवढ्या लोकांपुढे घामाघूम होऊन वाजवत होता. हॉलभर टाळ्या पडत होत्या आणि त्या बघून हे माना डोलवत होते. मला वाटलं, जाऊन ती वायर उपटावी. पण वायर उपटली असती तर ह्यांनाच कळलं असतं. मी जाऊन जागेवर बसले.

घरी येताना रिक्षात ह्यांचं तोंड थांबेना.

"बघितलंस? मी थांबलो आणि कुणी चकार शब्द काढला नाही. जमलं शेवटी पोरांना. हट्ट धरला म्हणून टिकलं."

"हो."

"तुला ऐकू आलं ना नीट? तिसऱ्या रांगेत?"

"आलं की."

मग मान मागे टेकवली. मला वाटलं, दमले. तर डोळे पुसत होते.

"मघाशी स्टेजमागूनच वहिनींना फोन केला," म्हणाले. वहिनी म्हणजे गायकाची बायको. तो गेल्यापासून ती कुठल्याच कार्यक्रमाला आलेली नाही. "सांगितलं, एकदा या. तुमच्या माणसाचा श्वास गाण्यात ठेवलाय मी, कुणाला काढू दिला नाही. रडली गं बिचारी. पुढच्या वेळी येते म्हणाली. तू तिला घेऊन ये, आणि पुढेच बसव."