नदीपलीकडचा फोटो

त्या वर्षी आमच्या गावच्या मुलांनी दहावीचा निकाल चंद्रपुरात येऊन कॉम्प्युटरवर पाहिला आणि ती बातमी पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात घरोघरी पोचली. मी सुट्टीत घरी गेले होते. मोठी माय ओसरीवर लाखोळीची डाळ पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं विचारलं, "त्या मशीनीत पोराईचे निकाल दिसते म्हणते. माणूस बी दिसते का?"

"कोणता माणूस?"

"तुह्या मोठ्या बाबाले पाहून देशीन का?"

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझ्या जन्माआधी मोठे बाबा सिरोंच्याकडे बांबू तोडायच्या कामाला गेले होते. तिथे पुरात डोंगा उलटला. दोघांची प्रेतं मिळाली, त्यांचं मिळालं नाही. लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. प्रेत नाही तर मरण कशावरून, असं म्हणून तिनं कुंकू पुसू दिलं नाही आणि माहेरीही गेली नाही. आम्हा भावंडांना तिनंच वाढवलं. आम्ही ढिवर. आमचं घर तलावाच्या मासळीवर चालायचं. तलावाची मासळी ती रांधायची आणि खायची, पण नदीची मासळी तिनं त्यानंतर कधी तोंडात घातली नाही.

मी चंद्रपुरात शाळेत शिकवत होते. शाळा सुटली की बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बसायची. पूर्वजांचा शोध घेऊन देणाऱ्या साइट पुष्कळ निघाल्या. सगळ्या परदेशातल्या. एक साइट विचारायची, नाव कोणत्या चर्चमध्ये नोंदलं आहे? दुसरी विचारायची, पूर्वज कोणत्या जहाजानं आले? जन्मतारीख तर सगळ्यांनाच हवी होती. मोठ्या मायला मी तारीख विचारली तेव्हा ती म्हणाली, "धानाचं रोवणं चालू असताना झाला, म्हणे त्याची माय." आमचं आडनाव मी इंग्रजीत निरनिराळ्या पद्धतीनं लिहून पाहिलं. चंद्रपूरचं जुनं नाव चांदा घातलं की इंग्रज अधिकाऱ्यांच्या कबरी यायच्या. आमच्यासारख्यांचं कुठेच काही नव्हतं. वीज गेली की पंखा थांबायचा, पडदा काळा व्हायचा, आणि आपण उगाच एका म्हातारीला आशेला लावलं असं वाटून मी उठायची.

शेवटी एक पान सापडलं. हरवलेल्या नातेवाइकांसाठी लोक तिथे निरोप टाकून ठेवत. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं की माझ्या वडिलांचा भाऊ सिरोंच्याजवळ पुरात गेला, कुणाला काही ठाऊक असेल तर कळवा. नाव आणि गाव घातलं. बायकोचा उल्लेख केला नाही. का केला नाही, ते आठवत नाही. बहुधा सुचलंच नसेल.

पावसाळा संपता संपता उत्तर आलं. हैदराबादेत नोकरी करणारा एक तरुण होता. त्यानं लिहिलं होतं की त्याचे आजोबा गोदावरीपलीकडे मासेमारी करत. ते चांद्याकडून आले होते एवढंच घरात माहीत होतं. गावाचं नाव त्यांनी कधी सांगितलं नाही. ताप चढला की मात्र घरात कुणालाही न कळणाऱ्या भाषेत बोलायचे. ते वारल्यापासून हा मुलगा त्यांचं मूळ गाव शोधत होता. नाव तेच होतं.

मी गावी जाऊन मोठ्या मायला विचारलं, मोठ्या बाबांची काही खूण सांग. तिनं क्षणभरही विचार केला नाही. "उजव्या कानाची पाळी फाटली होती. लहानपणी बाळी झाडाले अटकली म्हणे." ते मी त्या मुलाला कळवलं. त्यानं उत्तरात नुसता फोटो पाठवला.

तेव्हा कॅफेत फोटो एकदम दिसत नसे, वरून खाली हळूहळू उतरायचा. आधी कौलं दिसली. मग पांढरे केस, कपाळ, माझ्या वडिलांच्या होत्या तशाच जाड भुवया. मग कान दिसला, पाळी दुभंगलेली. मी खुर्चीत पुढे सरकले. फोटो उतरतच होता. शेजारी एक बाई बसली होती, नाकात दोन्हीकडे चमक्या घातलेली. मागे दोन मोठे मुलगे उभे होते.

मी आधी बाबांना सांगितलं. ते तलावाच्या बांधावर जाळं वाळत घालत होते. जाळं सोडून त्यांनी फोटो छापलेला कागद हातात घेतला.

"जिता होता," ते म्हणाले. "अन् एक निरोप नाई."

"मोठ्या मायला काय सांगू?"

"नाई सापडला म्हण."

"बाबा, तिनंच शोधायला लावलं."

"सारा जलम तिनं कुंकू लावलं. आता ह्या वयात तिले काय सांगतं, ज्याच्यासाठी लावलं तो दुसरीसंगं नांदत होता म्हणून?"

मी कागद घडी करून पिशवीत ठेवला. पण घरी गेले तर ती दारातच उभी होती. "कान जुळला का?" तिनं विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही.

तिनं फोटो उजेडाला नेला. त्या बाईवर बोट ठेवलं. "हे कोण?"

"त्यांची बायको."

"अन् हे पोरं?"

"त्यांचेच."

ती खाली बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "तुही आजी म्हणे, हिले पोर होत नाई म्हणून तो दूरच्या कामाले गेला. मी म्हणो, कामाले गेला." मग तिनं विचारलं, "कधी मेला?"

पाच-सहा वर्षं झाली होती. तसं मी सांगितलं. ती उठून न्हाणीत गेली आणि बाहेर आली तेव्हा कपाळ कोरं होतं. गळ्यातली काळी पोत तिनं बाबांच्या हातात दिली. बाबा तिच्याकडे पाहू शकले नाहीत. ती एवढंच म्हणाली, "त्या बाईले माहं काही कळू देऊ नको. ते बी म्हातारी झाली असन."

हिवाळ्यात तो मुलगा आला. चंद्रपूरहून आमच्या एका नातेवाइकानं त्याला आणून सोडलं. मराठी त्याला येत नव्हती. तो हिंदीत बोलायचा. बाबांनी ओळख करून दिली, "ये हमारी भाभी." त्याला वाटलं, आणखी एखाद्या भावाची बायको असेल. तो तिच्या पाया पडला. आजोबा लहानपणी कसे होते, त्याला ऐकायचं होतं. ती सांगत बसली. ते पोहायचे कसे, रागावले की जेवत नसत, गावात नाटक आलं की सकाळपर्यंत परत येत नसत. मी हिंदीत सांगत गेले. तो हसत होता, मधूनच डोळे पुसत होता. निघताना तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो गेल्यावर दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. त्या 'भाभी'वरून बाबांशी तर पुढे महिनाभर.

दोनेक वर्षांनी त्याच्या आजीच्या निधनाचा मेल आला. मी फोनवर सांगितलं तेव्हा मोठ्या मायनं डोक्यावरून अंघोळ केली आणि त्या दिवशी चूल पेटवली नाही.

त्यानंतर त्या मुलानं एका साइटवर आमच्या दोन्हीकडच्या घरांची वंशावळ मांडली आणि मलाही त्यात भर घालायची मुभा दिली. मी त्यातली नावं मोठ्या मायला वाचून दाखवली. पणजोबा, आजोबा, बाबा, आम्ही सगळे. मोठ्या बाबांच्या शेजारी त्याची आजी.

"माहं नाव कुठी हाय?" तिनं विचारलं.

"नाही आहे."

"मंग टाक ना."

"मोठे माय, त्याला सगळं कळेल."

"ते बाई गेली आता. तिले दुखाचं नाई काही. मी काऊन नाई राहू त्यात?"

मी टाकलं. लग्न झाल्याचं लिहिलं. त्या मुलाला वेगळा मेल करून सगळं समजावून सांगितलं, तिनंच गप्प राहायला सांगितलं होतं हेही लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. आठवडाभरानं साइट उघडून पाहिली तर मला आत जाता येईना. पुन्हा लिहिलं, त्याचंही उत्तर नाही. त्यानं रागानं दार लावलं, की त्याच्या वडिलांना ते सहन झालं नाही, मला आजतागायत कळलेलं नाही.

मोठी माय त्यानंतर चार वर्षं होती. मी गावी गेले की एकदा तरी विचारायची, "त्या पोराचं आलं का काही?"

"नाही."

एकदा तिनं पुढे विचारलं, "माहं नाव टाकताना तू त्याच्या आजीचं तं नाई ना काढलं?"

"नाही गं. तिचं होतं तिथंच आहे."

"बरं केलं," ती म्हणाली.