बावखलाविरुद्धचा अर्ज

निघताना शेजारच्या शकुंतलेने डासांच्या अगरबत्तीचे दोन पुडे माझ्या पिशवीत कोंबले. म्हणाली, "ताई, वसईकडे चाललाय. साडी विसरलात तरी चालेल, रक्त तेवढं जपा." मी ते पुडे काढून तिच्याच कट्ट्यावर ठेवले. पस्तीस वर्षं नववी-दहावीला मराठी शिकवलेल्या बाईला चिलटाएवढा जीव काय करणार? मंगळवेढ्याची ज्वारी खाऊन वाढलेली हाडं ही! माझा हा तोरा एक दिवस टिकला.

एसटीने नालासोपाऱ्याला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. धाकटी बहीण नंदा गास गावाजवळ राहते. रिक्षावाल्याला गास म्हटलं तर त्याने मागे वळून विचारलं, "मॅडम, बिल्डिंगमध्ये की गावात? दोन्ही एकदम अलग आहे." बिल्डिंगमध्ये, म्हटलं. रस्त्याने दुकानं, दवाखाने, क्लासच्या पाट्या संपेचनात. आणि मग एका वळणावर सगळं अचानक थांबलं. पुढे भाताची खाचरं, लोंब्या धरलेली. त्यापलीकडे केळीच्या बागा आणि माडांचे शेंडे. आमच्या तालुक्यात हिरवा रंग पाहायला ढगांची मनधरणी करावी लागते. इथे तो रस्त्याच्या कडेला फुकट सांडला होता, आणि मला उगीचच या लोकांचा राग आला.

नंदाची इमारत शहराच्या बाजूची शेवटची. फाटकात एक कारंजं होतं, बंद पडलेलं, पण त्यातल्या दगडी परीला नवा रंग दिलेला. वर नंदाच्या गॅलरीत रंगीत बाटल्यांची रांग आणि प्रत्येकीत पाण्यात वाढणारा मनी प्लांट. "सोसायटीच्या वर्धापनदिनाला घरटी एक बाटली दिली," नंदा कौतुकाने म्हणाली. "बाकीच्या मी हौसेने भरल्या." दारांना जाळ्या होत्या, पण चहा गॅलरीत प्यायचा हा घरचा रिवाज. संध्याकाळी तासभर मी तिथे बसले आणि दिवेलागणीला उठले तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत गांधी उठल्या होत्या.

खाज या गोष्टीचा अपमान मोठा असतो. दुखणं असलं तर माणूस कण्हू तरी शकतो. खाजेत नुसती माकडासारखी शोभा होते. रात्रभर मी हात ओरबाडले. सकाळी घरात वैद्यकीय परिषद भरली. नंदाचे यजमान मधुकरराव म्हणाले, टूथपेस्ट लावा. नंदा म्हणाली, लिंबू चोळ. समोरची बाई कांदा घेऊन आली. मी तिन्ही उपाय केले. टूथपेस्ट वाळून तडकली, कांद्याने डोळ्यांत पाणी आलं, आणि लिंबू चोळून उन्हात बसल्यामुळे डावा हात भाजल्यासारखा लाल झाला.

शेवटी नंदा मला नालासोपारा पूर्वेला, तुळिंजच्या बाजारात घेऊन गेली. तिथे भाजीवाले, कपडेवाले आणि मोबाइलची कव्हरं विकणारे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले. औषधाच्या दुकानातल्या माणसाने माझा हात पाहिला आणि विचारलं, "मावशी, हे काय लावलं होतं?"

"लिंबू."

"लिंबू सरबताला असतं." त्याने गुलाबी लोशनची बाटली समोर ठेवली. "खाजवायचं नाही. साबणाने धुवायचं, बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं धरायचा, मग हे कॅलामाइन. ताप आला, अंग दुखलं तर डॉक्टरकडे जा, इथे येऊ नका." एवढा सरळ बोलणारा माणूस मला त्या दिवसात दुसरा भेटला नव्हता. लोशन घेतलं, एक मच्छरदाणीही घेतली.

त्याच संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी सावंत आले. इमारतीमागच्या वाडीत एक बावखल आहे (विहिरीहून रुंद, तळ्याहून लहान असा गोड्या पाण्याचा खोदीव साठा, वसईच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावर पोसल्या). डास तिथूनच येतात, ते बुजवून टाका, असा अर्ज पालिकेकडे द्यायचा होता. "ताई, तुम्ही मराठीच्या शिक्षिका. आमच्याकडे सगळे इंग्लिश मीडियम. जरा कडक लिहून द्या ना."

मी बावखल पाहिलंही नव्हतं. पण हात चुरचुरत होते, आणि कोणी अक्षराची स्तुती केली की मी विरघळते. दोन पानं लिहिली. 'सदर डबके हे डासांचे माहेरघर असून ते त्वरित बुजविण्यात यावे' हे वाक्य लिहिताना तर मला भाषणाचं बक्षीस घेतल्यासारखं वाटलं. सावंतांनी तिथेच मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकला. रविवारच्या सभेत सह्या व्हायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर मी पुरावा आणायला निघाले. पुराव्याशिवाय विधान करू नये, असं मुलांना मीच सांगत आले. अर्जासोबत अळ्यांचा नमुना जोडायचा, म्हणून नंदाचा पांढरा वाडगा घेतला. कुंपणातली वाट केळींतून, अळवातून बावखलापाशी जात होती. काठावर उंडीचं जुनं झाड आडवं वाढून पाण्यावर वाकलेलं. मी वाडगा बुडवला, उचलला, पाहिलं. अळी नाही. काठाकाठाने दहा वेळा बुडवला. दर खेपेला नखाएवढे मासे आले, एकदा बेडकाचं पिल्लू आलं. अळी एक नाही.

"काय हरवलं, बाय?"

मागे सत्तरी ओलांडलेली एक बाई उभी होती, हातात कोयती, कंबरेला पदर खोचलेला. वाडी तिची. नाव जानकीबाय. मी कुठली, कोण, तिने विचारलं. मंगळवेढ्याची, शाळेत शिकवायचे, मी सांगितलं. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग तिची नजर माझ्या हातांवर गेली आणि तिने कोयती खाली ठेवली.

"नखं लावलीस ना? डास टोचून जातो, घाव आपलीच नखं करतात. चल."

विहिरीच्या काठावर बसवून तिने कळशीने थंड पाणी माझ्या हातांवर घातलं, घाईशिवाय, पुन्हा पुन्हा. मग धुतलेलं पंच्याचं फडकं भिजवून दोन्ही हातांना गुंडाळलं. बर्फ नव्हता, लोशन नव्हतं. पण दोन दिवसांत पहिल्यांदा मला हातांचा विसर पडला. तिने सुकेळी दिली (राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात ती). मधासारखी गोड आणि चिवट.

"मावशी, या पाण्यात डास होत नाहीत?" मी विचारलं.

"मासे अळ्या ठेवतील तर होतील ना! उन्हाळ्यात गाळ काढतो, तवा आदी कळशीभर मासे धरून ठेवायचे. गाळ निघाला, पानी भरलं, की पयले मासे सोडायचे, मगच आपन हातपाय धुवायचे. सासूनं घालून दिलंय." ती पाण्याकडे पाहत म्हणाली, "लोक म्हनतात बुजवा. समुद्र कितीसा लांब? हे गोडं पानी जिरतंय म्हनून विहीर गोडी हाय. हे बुजलं की ती खारी होईल. मग केळ नाय, फूल नाय. मी काय करू, कुंड्यांत मिरच्या लावू?"

अर्ज मी लिहिला, हे सांगायला हवं होतं. वर्गात कितीदा पोरांना उभं करून कबूल करायला लावलं आहे! मी मात्र फडकं पिळून परत दिलं आणि निघून आले.

मग डास येतात कुठून? गॅलरीत भर सकाळीही ते पायाला चावत होते. मी नंदाची विजेरी घेतली आणि समोरच असलेल्या निळ्या बाटलीत प्रकाश मारला. मुळांमध्ये अळ्या वळवळत होत्या. हिरव्या बाटलीत, पिवळ्या बाटलीत, फ्रिजमागच्या पाणी साचायच्या तबकातही. खाली कारंज्यात तर परीच्या पायाशी गोकुळ नांदत होतं. अख्ख्या इमारतीने घरटी एकेक डासांचा पाळणा वाटला होता, तोही वर्धापनदिनाला, टाळ्या वाजवून!

मधुकरराव हसले. "ताई, त्या बाटलीत पाणी असतं कितीसं!"

"डासाला पोहायचं नसतं, मधुकरराव. अंडी घालायची असतात."

"तुम्ही पाहुण्या आहात. रविवारी काही बोलू नका. मला इथे राहायचंय."

"जानकीबायलाही इथेच राहायचंय," मी म्हटलं. नंदा भाताचं पातेलं हातात धरून आम्हा दोघांकडे पाहत राहिली.

रविवारी सभा कारंज्याशेजारी भरली. मी दोन पांढरे वाडगे घेऊन गेले. सावंतांनी अर्ज वाचायला सुरुवात केली. माझं वाक्य त्यांच्या तोंडून फार वाईट ऐकू आलं. 'माहेरघर' येताच मी उठले.

"थांबा. हे खोटं आहे. लिहिणारी मी, सांगणारीही मी." एक वाडगा दाखवला. "हे बावखलाचं पाणी. यात मासे." दुसरा दाखवला. "हे तुमच्या परीचं. या आणि बघा."

बायका पुढे आल्या. एकीने "ई!" केलं आणि आपली बाटली आठवून जिन्याकडे वळली.

सावंत म्हणाले, "मॅडम, तुम्ही मेंबर नाही. सभेत बोलायचा अधिकार नाही तुम्हाला."

"अधिकार नाही ना? मग अर्ज लिहायचा कुठून आला?" मी त्यांच्या हातातून कागद घेतला. पर्समध्ये लाल पेन असतंच. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोन्ही पानांवर तिरकी रेघ मारली आणि खाली सही केली. "दर आठवड्याला एक दिवस ठरवा. बाटल्या, तबकं, पिंपं, कारंजं, सगळं रिकामं करून घासा आणि कोरडं करा. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, जाळीच्या आत चहा प्या. एवढं करूनही डास राहिले तर मला मंगळवेढ्याहून बोलवा."

"मी टाइप करून देतो दुसरा," सावंत म्हणाले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"द्या. अळ्या जोडायला विसरू नका."

काही लोक हसले, काही उठून गेले. मधुकरराव त्यांतले पहिले. नंदा मात्र माझ्यादेखत वर गेली, आणि गॅलरीतून एकेक बाटली रिकामी होताना मला खालून दिसली. हिच्या घरात हिच्या नवऱ्याशी मी वैर घेतलं होतं. तरीही ती लाल रेघ मागे घ्यायची इच्छा मला झाली नाही.

सोमवारी निघायचं होतं. सकाळी तो कागद घेऊन मी वाडीत गेले. जानकीबाय केळीचं लोंगर उतरवत होती. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "मावशी, बावखल बुजवायचा अर्ज मी लिहिला होता. त्या दिवशी तुमच्याकडे पाणी घेतलं तेव्हाही लपवलं."

तिने लोंगर जपून खाली ठेवलं. "ठाव हाय. आदल्या रात्रीच बिल्डिंगमधनं सुनेच्या मोबाइलवर आलता. खाली लिवलेलं, मंगळवेढ्याच्या बाईंनी लिहून दिला. तू गावाचं नाव घेतलंस, तवाच कळलं."

मी विचारलं, "आणि तरी माझ्या हातांवर पाणी घातलंत?"

"हात सुजलेले," ती म्हणाली. "भांडन मग बी करता येतं."

मला रडू आलं. शाळा सोडल्याच्या दिवशीसुद्धा मी रडले नव्हते. तिने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून आत गेली. आली ती सुनेची वही घेऊन. "आता बस आनि माझा लिही. त्याच्याहून चांगला लिही."

तास गेला. विहीर, गोडं पाणी, मासे, गाळ काढायची रीत, कारंज्यातल्या अळ्या, सगळं लिहिलं. एकही अलंकार घातला नाही. वाचून दाखवलं तेव्हा 'माझ्या मालकीचे बावखल' यावर तिने हात वर केला. "मालकीचं नको. आमी राखलेलं, असं लिही." मी तसं केलं. मग पेन घेऊन तिने एकेक अक्षर रुतवत सही केली, आणि सुनेला हाक मारून सांगितलं, कपडे बदल, आत्ताच पालिकेत द्यायला जायचंय.

एसटीवर पोचवायला एकटी नंदाच आली. आता मी घरी आहे. गांधी बसल्या, नखांचे चार डाग राहिलेत. सावंतांनी टाइप केलेला अर्ज दिलाच. नंदा सांगते, निम्म्या घरांनी त्यावर सही केली नाही. निकाल अजून नाही. तो विरुद्ध गेला तर जानकीबाय पुन्हा लिहिणार आहे, आणि शुद्धलेखन माझ्याकडे आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघ मारली. स्वतःच्या चुकीवर चारचौघांत मारायला वसईला जावं लागलं. लाज वाटली, पण जीव हलका झाला.

काल नंदाचा फोन आला. चाचरत म्हणाली, "ताई, दिवाळीला तू येऊ नकोस गं. यांचा राग अजून गेला नाही."

"येणार आहे," मी म्हटलं. "तिकीटही काढलंय. तुझ्याकडे नाही, जानकीबायकडे उतरणार आहे."