तालमीतली राणी

मैत्रिणींनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

परदेशातले राजा-राणी भारत दौऱ्यावर आलेत ना, ते उद्या आंबवड्याजवळच्या आमच्या गावात येणारेत, बचत गटाचं तांदळाचं काम बघायला. गटाची अध्यक्ष मी. आज स्वागताची तालीम होती.

राणीची ओटी भरायचं ठरलंय. मी विधवा, त्यामुळं ओटी भरणाऱ्यांत मी नव्हतेच. तालीम घ्यायला शहरातून आलेले साहेब म्हणाले, "मोकळ्याच आहात, तर तुम्ही राणी म्हणून उभ्या राहा."

राहिले. हसत हसत पदर पसरला. धाकटी जाऊ खण-नारळ घेऊन समोर आली आणि थबकली.

"आक्का, तुमची कशी भरू?"

"अगं, खोटी खोटी तर हाय."

"खोटी असली तरी नगं. बाया बघत्यात."

तिचे डोळे भरले होते, पण नारळ काही पुढं आला नाही. मग राणी बदलली. सरपंचबाई उभ्या राहिल्या, मी मागं गेले.

उद्या खऱ्या राणीपुढं मी कुठं उभं राहायचं, ते माझं मी बघेन.

तुम्ही फक्त खरं सांगा. जावेच्या जागी तुम्ही असता, तर भरली असती माझी ओटी?